राबाची पानं

माघ उलटून फाल्गुन लागला की आमच्या सोसायटीच्या आवारातला बदाम लाल होतो आणि महिनाभर पानं टाकत राहतो. मग रोज सकाळी खालून झाडूचा आवाज येतो, खर्र खर्र, वाळक्या पानांचा ढीग लोटत नेण्याचा. शेजारच्या भाभी कुरकुरतात, "केटलो कचरो!" मी खिडकी लावून घेते आणि चहाचा कप उचलून आतल्या खोलीत जाते. कुणाला भोंग्याचा त्रास होतो, कुणाला फटाक्यांचा, मला पानं झाडल्याचा होतो. हसा खुशाल.

सुरतेत ऋतू तरी कोण बघतं? इथं लगनसरा कळतो, दिवाळीचा माल कळतो, उतराणाचे पतंग कळतात. पानगळ नावाचं काही असतं हे मलाही अठ्याहत्तर पोत्यांनी शिकवलं. ती पोती आमच्या नवागामच्या खोलीत एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्या वासात मी एक अख्खा उन्हाळा झोपले, जेवले, अभ्यास केला. प्लेगाच्या नंतरचं ते वर्ष. मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

हल्ली जंगलांवरचं नवं संशोधन वाचायची मला खोड लागली आहे. मुळांना मुळं जोडणारे बुरशीचे धागे, पाचोळ्याखाली धरून ठेवलेलं पाणी, मूठभर मातीत नांदणारे असंख्य जीव. वाचताना जीव हरखतो. आमच्या वेळी यातलं निम्मंही कुणी सांगितलं नव्हतं. पण अलीकडे त्या लेखांच्या शेवटाकडे एक वाक्य हटकून येतं: जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना विचारा, त्यांना माहीत असतं. तिथं आलं की माझी कानशिलं तापतात. विचारायची गरजच नव्हती हो. मला सांगितलं होतं. घरी बसवून, भाकर वाढून सांगितलं होतं.

आमच्या सरांचा विषय होता पाचोळा. साग किती पानं टाकतो, त्यातली किती कुजून मातीत परत जातात, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी डांगच्या जंगलात दोन पट्टे निवडले होते, एक आत खोल, दुसरा पाड्याला लागून. सुरतेच्या बाजारातून पांढरं नायलॉनचं जाळीचं कापड आणून आम्ही मुलींनी त्याच्या पिशव्या शिवल्या. वजन करून त्यांत पानं भरायची, जमिनीवर ठेवायची, आणि महिन्यामहिन्यानं एकेक उचलून पुन्हा वजन करायचं. शिवाय मीटरभर लांब, मीटरभर रुंद दोरीची चौकट टाकून आत पडलेला सगळा पाचोळा गोळा करायचा. लग्नाच्या ओढणीला लागणारी जाळी जंगलात मातीवर पडलेली बघून आम्हाला हसू यायचं. माझ्या जोडीला हेतल होती. हुशार, मोकळी, डब्यातलं थेपलं आधी मला देणारी. तिनं मला कधीच काही कमी लेखलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जे केलं ते मी केलं.

गोळा केलेली पानं जातीवार वेगळी करायला कॉलेजात जागा नव्हती. मी म्हटलं, माझ्या घरी नेते. घर कुठं ते मात्र मी कुणाला दाखवलं नाही. पोती टेम्पोतून उधन्यापर्यंत आणायची आणि तिथून नानांनी हातगाडीवर न्यायची, अशी माझी शक्कल. नाना म्हणजे माझे वडील. पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये कापड रंगवायच्या हौदावर होते. त्यांची नखं कधी निळी, कधी जांभळी. मला त्या नखांवरून त्या आठवड्यात कुठल्या रंगाच्या साड्या चालू आहेत ते कळायचं.

आणि माय. साड्यांचे धागे कापायचं काम बाजूला सारून ती पोत्याशी बसायची. आम्ही मूळचे साक्रीकडचे, डांगच्या डोंगराला पाठ लावून बसलेल्या गावातले. मी पुस्तक उघडून पानाच्या शिरा मोजत असायची, तोवर हिचे ढीग पडलेले असायचे. "हाई सागनं शे, हाई धावडानं, हाई टेंभुर्णीनं. इतलं बी नही समजत का तुले?" चुरा झालेलं पान ती नुसतं बोटात चोळून, हुंगून सांगायची. माझ्या प्रबंधातल्या जातीवार तक्त्यातला निम्मा तक्ता मायच्या नाकानं भरला आहे. सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यावर मी सरांचे, हेतलचे, प्रयोगशाळेतल्या शिपायाचेसुद्धा आभार मानले. मायचं नाव घातलं नाही. घातलं असतं तर कुणी विचारलं असतं ना, तुझ्या आईला जंगलातली पानं कशी ओळखू येतात म्हणून.

कारण कॉलेजात मी बडोद्याची होते. म्हणजे तसं मी सांगितलं होतं. पाटील आडनाव लपत नाही, पण बडोद्याकडचे मराठी म्हटलं की सुरतेत माणसं सरळ बसून बोलतात. राजवाडा, वाचनालयं, जुनी घराणी. खानदेशी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं नवागाम-डिंडोली येते, एका खोलीत आठ माणसं, लूमचा खडखडाट, उघडी गटारं. प्लेग आला तेव्हा तर अख्खं शहर नाकाला रुमाल बांधून आमच्या वस्तीकडंच बघत होतं. वर्गातला कुणीसा म्हणाला होता, हे बाहेरचे लोक घाण घेऊन येतात. मीसुद्धा मान हलवली. हो, हलवली! तेव्हापासून माझी गुजराती इतकी चोख झाली की हेतलच्या आजीनं एकदा मला अनावील ब्राह्मण समजून स्वयंपाकघरात बसवलं. आणि मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

डांगात गेले आणि पंचाईत झाली. तिथली बोली आमच्या अहिराणीची सख्खी मावसबहीण. सर आणि हेतल हातवारे करून पाणी मागायचे आणि मला माणसांचा शब्द न् शब्द कळायचा. जीपचा ड्रायव्हर सुरतेचा, त्यालाही काही कळत नसे. मी आपली तोंड मिटून नोंदी करायची.

एकदा जेवणाच्या वेळी पाणी आणायला मी एकटीच पाड्यात गेले. पहिल्याच घरात एक बाई नागली दळत होती. बुधीबाई तिचं नाव. मायच्याच वयाची, तशीच काटक. मी पाणी मागितलं आणि काय झालं कोण जाणे, जिभेवर आपसूक घरची बोली आली. बुधीबाईनं जात्याचा खुंटा सोडला आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग हसत सुटली. तू तर आमचीच गं, म्हणाली. मला खाली बसवलं, नागलीची भाकर आणि लसणाची चटणी दिली, गाव विचारलं, मायचं माहेर विचारलं. तिचे शब्द आता मला जसेच्या तसे सांगता येत नाहीत. जवळजवळ तीस वर्षं मी ती बोली जिभेवर येऊ दिली नाही, ती तरी का थांबेल माझ्यासाठी? म्हणून इथं ते साध्या मराठीत लिहिते आहे. ही आणखी एक लाज.

तर बुधीबाई म्हणाली, "तुम्ही दोरी टाकता तो पट्टा यंदा आमच्या झाडणीचा आहे. पानं आम्ही नेली. तुम्हाला तिथं काय सापडणार?"

मग तिनं मला सगळं समजावलं. पाड्यातल्या बायका माघ-फाल्गुनात जंगलातली वाळकी पानं झाडून आणतात. वैशाखात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पानं, काटक्यांचा थर घालून तो जाळतात. हा राब. त्या भाजलेल्या राखेच्या जमिनीत नागलीचं, भाताचं बी टाकायचं, रोप तरारलं की उपटून शेतात लावायचं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचं खाणं नाही. पण पानं वाटेल तिथली न्यायची नाहीत. त्यांच्या पाड्याची रीत होती, जंगलाचे पट्टे पाडलेले. यंदा हा झाडायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, म्हणजे तिथं पाचोळा मुरतो. झाडलेल्या पट्ट्याची पाळी पुन्हा चार वर्षांनी. तिनं अंगणातल्या धुळीत बोटानं चार रेघा ओढून दाखवल्या. "पलीकडच्या पट्ट्यात दोरी टाका, गुडघाभर पानं आहेत. तुझ्या सरांना सांग."

"सांगते की," मी म्हटलं. भाकरीचा शेवटचा घास तोंडात होता.

तेवढ्यात हेतल मला शोधत आली. मी झटकन उठले आणि बुधीबाईला गुजरातीत म्हणाले, "पाणी माटे आभार, बेन." अर्ध्या वाक्यापर्यंत तिच्याशी घरच्यासारखी बोलत होते, ती मी. बुधीबाई माझ्याकडं बघत राहिली. मग हेतलकडं बघून हसली आणि जात्याकडं वळली.

सरांना मी सांगितलं नाही. परतीच्या जीपमध्ये सांगणार होते. मग म्हटलं, उद्या. मग म्हटलं, सर विचारतील की तुला कसं कळलं, तेव्हा काय सांगू? त्या पट्ट्यातल्या मातीवर झाडूचे फराटे होते. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सर, हे बघा फराटे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी एका मिनिटात ओळखलं असतं. शास्त्राशी फार प्रामाणिक माणूस. पण माझं घोडं अडलं ते अडलंच. आणि पट्ट्यातला पाचोळा कागदावर आला तो जवळजवळ शून्य.

सरांनी त्यातून जो अर्थ काढायचा तोच काढला. पाड्यालगतचं जंगल थकलंय, झाडं पानं देईनाशी झालीत, माती उपाशी पडली आहे. या भागाला काही वर्षं पूर्ण विश्रांती द्यावी, माणसांना आणि गुरांना मज्जाव करावा. आलेख सुंदर निघाला. आतल्या पट्ट्याचा उंच खांब आणि शेजारी दुसऱ्याचा बुटका. तो आलेख मीच काढला, रोटरिंगच्या पेनानं, शाई न फुटू देता. सर म्हणाले, "वाह पाटील!" मी खूश झाले. अगदी मनापासून खूश झाले.

एप्रिलातली गोष्ट. परीक्षा तोंडावर. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, प्रयोगशाळेचे पंखे गरम हवा ढवळत होते. दुपारी शिपाई एका बाईला घेऊन आला. बुधीबाई. काठापदराचं आखूड लुगडं, पायात काही नाही, आणि मुठीत आमच्या जाळीच्या पिशवीवरची चिठ्ठी. पिशवी हरवू नये म्हणून तिच्यावर कॉलेजचं नाव-पत्ता शिवलेला असे, माझ्याच अक्षरात. ती चिठ्ठी उसवून घेऊन, ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमधून बारडोलीपर्यंत, तिथून बसनं, वाटेत दिसेल त्याला चिठ्ठी दाखवत ती सुरतेला येऊन पोचली होती. सरांनी आकडे आधीच वनखात्याला कळवले होते, आणि पाड्यात बातमी गेली होती की सुरतेच्या लोकांच्या कागदावरून झाडणीच्या चारही पट्ट्यांना तारेचं कुंपण लागणार.

ती घडाघडा बोलायला लागली. सरांपुढं उभी राहून, बोटानं हवेत चार रेघा ओढून. राब, रोप, पाळी. सगळं अगदी नीट क्रमानं सांगत होती. वाटभर घोकत आली असणार. सरांनी चष्मा काढला, कान दिला, आणि हताश होऊन वर्गाकडं वळले.

"कोईने समज पडे छे?" कुणाला समजतंय का?

आम्ही सातजण होतो. कुणाचं माझ्याकडं लक्षही नव्हतं, कारण बडोद्याच्या पाटलीणबाईंना डांगची बोली येत असेल अशी शंका कुणाला येणार? फक्त एकच जण बघत होतं. बुधीबाईनं मला केव्हाच ओळखलं होतं. ती थांबली. सरांकडून नजर काढून तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं आलं, की हं, आता झालं काम.

मी हातातल्या वहीत बघितलं.

जीभ टाळ्याला चिकटली वगैरे लोक म्हणतात, तसं काही नव्हतं हो. जीभ चांगली सैल होती. मी ठरवून गप्प बसले. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं तेही मला लख्ख आठवतं: हेतल काय म्हणेल? बस, एवढंच. एका पाड्याचं वर्षभराचं खाणं एका बाजूला, आणि हेतल काय म्हणेल हे दुसऱ्या.

"बहेन, तने?" सरांनी मलाही विचारलं. सगळ्यांना एकेक करून विचारत होते बिचारे.

"ना, सर," मी म्हटलं.

बुधीबाईला तेवढं गुजराती कळत असावं. तिनं मला उघडं पाडलं नाही. नुसतं बोट जरी माझ्याकडं दाखवलं असतं तरी माझं बिंग फुटलं असतं. तिनं पदर सावरला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. सर म्हणाले, पिशव्या राखायची नोकरी मागायला आली असेल, तिला चहा पाजा आणि बसमध्ये बसवून द्या. माणूस चांगलाच होता. चहा आणायला मी पुढं झाले नाही. हेतल झाली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पोत्यांकडं पाठ करून पडले. माय म्हणाली, "काब्र रडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, डोकं दुखतं. मराठीतनं म्हटलं. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो, म्हणून तिला ते लागलं. तरी ती डोक्याला तेल लावत बसली. तिच्या बोटांना सागाच्या पानांचा वास होता. मला किळस आली ती स्वतःची, पण तिला वाटलं की तिच्या हातांची. हात मागं घेतले तिनं.

मी पहिली आले. सरांचा पुरा अहवाल वनखात्याच्या वरच्या कचेरीत गेला.

कधीकधी वाटतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? एका विद्यार्थिनीच्या तक्त्यावरून कोण तारा ठोकतं, त्यामागं हजार कारणं असतील. ही समजूत मी स्वतःला पुष्कळ वेळा घालून पाहिली आहे. पण ती चूक एकट्या मलाच ठाऊक होती, आणि दुरुस्त करायला तोंड तेवढं एकच होतं. नंतर मी शिकवायला लागले. दर वर्षी मुलांना सांगते, चौकट टाकण्याआधी पाड्यातल्या बायकांशी बोला, झाडूचे फराटे बघा. मुलं म्हणतात, मॅडम किती बारकाईनं शिकवतात. मी फळ्याकडं तोंड करते.

आणि पुढच्या वर्षीची ती सकाळ. खरं तर इथंच थांबायचं ठरवून लिहायला बसले होते, पण नाही, तेही सांगते. असाच फाल्गुन होता. मी आणि हेतल, दोघींनाही नोकऱ्या लागलेल्या. घोडदोड रोडवर तेव्हा एकेक इमारत उभी राहत होती. हेतल उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबली आणि मी पुढं चालत गेले. फुटपाथवर रेतीचा ढीग, आणि डोक्यावर घमेलं घेतलेली बुधीबाई.

मी तिला हाक मारली. आमच्या बोलीत मारली. तिनं घमेलं उतरवलं, तोंड पुसलं आणि हसली. हसली! "पास झालीस ना?" हे पहिलं विचारलं तिनं. मी म्हटलं, झाले. "बरं झालं. मायला बरं वाटलं असेल."

मी राबाचं विचारलं. तार लागली, म्हणाली. चारही पट्ट्यांना. पानं नाहीत, मग राब कशाचा, रोप कशाचं? घरातली सगळी इकडं आली कामाला, पाड्यात म्हातारी माणसं तेवढी राहिली. ती हे सांगत होती ते तक्रार म्हणून नाही, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. मला म्हणायचं होतं, बुधीबाई, माझ्यामुळं झालं. म्हणायचं होतं, चल, आत्ता चल माझ्याबरोबर, सरांकडं जाऊ, मी सगळं सांगते. शब्द तोंडाशी आले होते, खरंच आले होते. वर्षभर मी ते मनात जुळवले होते.

मागून हेतल आली, हातात दोन ग्लास घेऊन. एकदा माझ्याकडं, एकदा बुधीबाईच्या सिमेंटनं माखलेल्या हातांकडं बघत तिनं सहज विचारलं, "कोण छे? ओळखे छे?"

"ना रे," मी म्हटलं. "रस्तो पूछे छे."

बुधीबाईनं एक क्षण माझ्याकडं बघितलं. मग तिनं वाकून घमेलं उचललं, डोक्यावर नीट बसवलं, आणि सुरतेत आल्यावर शिकलेल्या गुजरातीत, हेतलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला विचारलं, "बेन, टेसन कई बाजु?"

मी हात लांब करून तिला स्टेशनचा रस्ता दाखवला.